रेडिओतलं घर

राजा निजला होता.

सोयराबाई सकाळचा चहा घेऊन व्हरांड्यात आल्या, सवयीनं आधी कोपऱ्यातल्या रेडिओकडे पाहिलं, आणि त्या दारातच थांबल्या. काल दिवेलागणीला त्यांनी लाकडी राजाला रेडिओतल्या माडीवरच्या खिडकीशी उभं केलं होतं आणि राणीला खाली, आगपेटीच्या चुलीजवळ. आता दोघंही खालच्या खोलीत शेजारी शेजारी उताणी होती, डोकी पूर्वेला, अंगावर गळ्यापर्यंत नीट ओढलेलं पांढरं फडकं. वाऱ्यानं पडली असती तर कशीही पडली असती, एखाद्याचा हात खुर्चीत अडकला असता, मुकुट निघून बाजूला गेला असता. हे कुणीतरी जपून, मन लावून केलेलं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन सकाळीच डोळ्यांवर यायला लागलं होतं, आणि ही जोडी निजते ती वर्षातून एकदाच, विजयादशमीला. घरात माणसं दोन. येसाजीराव न्हाणीघरात खाकरत होते. भांडीवाली शांताक्का अजून यायची होती. म्हणजे निजवलं ते आपणच, सोयराबाईंनी मनाशी म्हटलं. पण निजवल्याचं त्यांना काडीइतकंही आठवत नव्हतं.

जोडी त्यांच्या लग्नातली. म्हैसुरात मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत लाकडी राजाराणी घालते, पट्टद गोंबे म्हणतात त्यांना. इथल्या मराठ्यांनी ही रीत इतक्या पिढ्यांपूर्वी उचलली की ती मुळात आपली नव्हे, हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. दसऱ्यात पायऱ्यांवर मांडायची, नवे कपडे घालायचे, विजयादशमीला निजवायची आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची. सोयराबाईंच्या सासरी त्यात आणखी एक भर होती. पूर्वज जुन्या संस्थानच्या घोडदळातले, त्यामुळे बन्नीमंटपाच्या मैदानावरचा मशालींचा सोहळा आटोपून सासरे घरी आले की राजाला आडवं करायचे आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मशाली विझल्या, घोडी बांधली. निजा आता, महाराज." सासऱ्यांमागे येसाजीरावांनी काही वर्षं हे केलं. मग घोडी तर कुणी पाहिलेलीसुद्धा नाहीत, हे तुम्हां बायकांचं, असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. तेव्हापासून निजवायचं काम सोयराबाईंचं. घोड्यांचं वाक्य मात्र त्यांना मोठ्यानं म्हणायला लाज वाटायची. त्या ते ओठांतल्या ओठांत म्हणायच्या.

आणि यंदा त्यांनी ही जोडी एप्रिलमध्येच पेटीतून काढली, हेच मुळात चुकलं असेल काय? पण नातीसाठी काढली होती. त्यांची मुलगी अंबुजा बेंगळूरला नोकरी करायची. तिला पुण्याकडे कसल्याशा प्रशिक्षणाला जायचं होतं, जावई दुबईला, आणि म्हणून सहा वर्षांची इंचरा सगळी सुट्टी आजीआजोबांकडे राहणार होती. एकटी, पहिल्यांदाच. फोन ठेवल्यावर सोयराबाई कितीतरी वेळ नुसत्या हसत बसल्या होत्या. मग त्यांनी माळ्यावरून सासऱ्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ काढवला, पोटातलं सगळं लोखंड-तार भंगारवाल्याला दिलं आणि त्या रिकाम्या लाकडी खोक्यात घर मांडायला घेतलं. मधोमध फळी ठोकून माडी केली. स्टेशनांची नावं लिहिलेली काच तशीच राहू दिली. तिच्यामागे दिवा ठेवला की सिलोन आणि दिल्ली छताशी पिवळी उजळायची. उदबत्तीच्या डब्याचा पलंग, बाटल्यांच्या टोपणांची ताटं, आइस्क्रीमच्या काड्यांचा जिना. सगळं जमलं, फक्त राहायला माणसं नव्हती. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणून पाहिल्या. पिवळ्या केसांच्या त्या पोरी ह्या घरात भाड्यानं आल्यासारख्या वाटायला लागल्या. तेव्हा पेटी उघडली. राजाराणी अर्ध्या वितीएवढी, माडीत अगदी चपखल बसली. घर असलं की घराला धनी हवा, एवढाच त्यांचा विचार होता.

पण हे विसरणं काही आजच्या एकट्या सकाळचं नव्हतं, हे सोयराबाईंना ठाऊक होतं. काही दिवसांपासून घरात असं होत होतं. सरस्वतीपुरमातल्या ह्या घरापुढे पट्टीएवढी जागा, आणि तिच्यात त्यांचा उन्हाळा: कुंपणाशी मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, दोन वेल, वाफ्यात झिनिया आणि कनकांबर अबोली, पायरीच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांत टेबल रोझ, जे ऊन चढल्याशिवाय डोळा उघडत नाही. आणि भिंतीच्या कडेला जमिनीखाली मे फ्लावरचे कांदे. वर्षभर तिथे काही आहे हे सांगूनही पटणार नाही, आणि एप्रिल सरता सरता एक दिवस जमिनीतून लाल गोळा वर येतो, मुलाच्या डोक्याएवढा. इंचराला तो गोळा वर येताना दाखवायचा, हा सोयराबाईंचा सगळ्यांत मोठा बेत. तर त्या संध्याकाळी बादली घेऊन जायच्या आणि माती आधीच काळी, ओली. एकदा वाटलं, शेजारच्यांच्या नळाचं पाणी झिरपलं असेल. मग वाटलं, शांताक्कानं घातलं असेल, तिला विचारलं तर ती म्हणाली, "अय्यो, माझ्या मागं काय कमी कामं आहेत?" मग वाटायचं थांबलं, कारण उरलं एकच माणूस. मल्लिगेची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा उन्हानं असेल म्हणून त्यांनी आणखी पाणी घातलं. ते मात्र घातलेलं त्यांना पक्कं आठवत होतं, आणि तेच तर भयंकर होतं. काही आठवतं, काही नाही, आणि कुठलं कुठल्या बाजूला पडेल ह्यावर आपला हात नाही.

असंच होतं सुरुवातीला. त्यांनी हे अगदी जवळून पाहिलं होतं. त्यांची आई, बन्नूरची भागीरथीबाई, उसाच्या मळ्यातल्या घरात वीस माणसांचा स्वयंपाक डोळे मिटून करणारी, पहिल्यांदा फक्त भात दोनदा लावायची. सगळे हसायचे. नंतर ती भात लावून मळ्यात जायची आणि घरात धूर व्हायचा, तरीही थोडे हसायचेच. मग तळकाडची ती सहल. अंबुजा पाच-सहा वर्षांची, आत्ताच्या इंचराएवढी. वाळूखालून काढलेली देवळं पाहून मंडळी थकली, आणि आई म्हणाली, मी पोरीला घेऊन नदीशी जाऊन येते, पाय बुडवून आणते. नेलं. बराच वेळ झाला. आणि मग वाळूच्या त्या उंचवट्यावरून आई एकटीच उतरत आली, संथ, पदर नीट खोचलेला, हातात लहानशा लाल चपला. जवळ येऊन तिनं त्या सोयराबाईंसमोर धरल्या आणि अगदी सहज विचारलं, "कुणाच्या ग ह्या चपला?" अंबुजा सापडली, एका बांगडीवालीशेजारी रडून रडून थकलेली. पण पोर सापडेपर्यंतचा तो वेळ, पायाखाली घसरणारी ती तापलेली वाळू आणि कावेरीचं ते काहीच न झाल्यासारखं वाहणारं पाणी. अजूनही बाथरूमच्या नळाखाली बादली भरताना कधी कधी तो आवाज त्यांच्या कानांत यायचा आणि त्या नळ बंद करून उभ्या राहायच्या.

आणि आपण काय केलं तेव्हा? आपण ओरडलो होतो. आईच्या दंडाला धरून गदागदा हलवत ओरडलो होतो, "तुझ्या नातीच्या आहेत! नात कुठाय? विसरलीस तू तिला, विसरलीस!" आईनं आधी चपलांकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मग तिला कळलं. ते कळणं तिच्या चेहऱ्यावर कसं उतरलं, ते सोयराबाईंनी पाहिलं होतं. त्यानंतर आई कधी कुठल्या मुलाला जवळ घेऊन बसली नाही. मूल जवळ आलं की हात मागे घ्यायची.

"अहो," येसाजीराव टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तेव्हा त्यांनी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "ह्या बाहुल्या तुम्ही हलवल्यात काय?"

"मी?" येसाजीरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला काय करायचंय तुझ्या बाहुल्यांशी? काय झालं?"

"काही नाही. सुम्मने, उगीच विचारलं."

"रात्री मांजर येतं," ते म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. मांजर फडकं पांघरत नाही, हे बोलायला सोयराबाईंना धीर झाला नाही. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता, मग कुणी केलं, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

येसाजीराव म्हणजे निवृत्त झालेला भूगोल. सारी हयात हायस्कुलात नकाशे टांगण्यात गेली आणि अजून घरात कुणी पाहुणा टेकला की त्याला कावेरीच्या उपनद्या ऐकाव्या लागतात. जावई तर साखरपुड्याच्या दिवशीच त्यातून गेला. हारंगी, हेमावती, लक्ष्मणतीर्थ, कपिला, सुवर्णावती, शिंशा, अर्कावती, एका दमात, कुठे अडणं नाही. अशा माणसाशेजारी बसून आपली आठवण तपासायची म्हणजे पैलवानाशेजारी उभं राहून दंड मोजायचे. सोयराबाई तरी तपासायच्या. भाजी निवडताना मनातल्या मनात शाळेतल्या मैत्रिणींची नावं घ्यायच्या, काल दुपारी काय केलं होतं ते क्रमानं आठवायच्या, आणि हुळीच्या आमटीत घातलेला मुळा आठवला नाही की घाम फुटायचा. मग मुळा आठवायचा आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हे सगळं येसाजीरावांना कळू न देता. त्यांना सांगितलं तर ते अंबुजाला सांगतील. अंबुजाला कळलं तर तिच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील, ते सोयराबाईंना वेगळं सांगायला नको होतं. त्या लाल चपला तिच्याच पायांतल्या होत्या. मग इंचरा येणार नाही. आता नाही आणि पुढेही नाही. आणि न सांगावं, तर पोर आपल्या हाती. गॅस आपल्या हाती, फाटक आपल्या हाती, बाहेरच्या रस्त्यावरच्या त्या स्कूटर, वळणावर न थांबणाऱ्या त्या बसेस. दोन्हीकडून फास होता. सांगावं तर पोर जाते, न सांगावं तर पोर जाईल.

शांताक्का आली, फरशी पुसता पुसता कुरकुरली. "एनम्मा हे, रोज रोज व्हरांड्यात चिखल. बाहेरून आलं की पाय धुवायचे, न्हवं?" सोयराबाईंनी खाली पाहिलं. बागेकडच्या दारापासून रेडिओपर्यंत मातीचे ठसे वाळून पांढुरके झाले होते, शांताक्काच्या बोळ्यानं अर्धे पुसलेले. त्यांनी आपल्या तळपायाकडे पाहिलं. स्वच्छ. म्हणजे धुतले आपण. आणि धुतल्याचंही विसरलो. त्या आत जाऊन देवापुढे उभ्या राहिल्या, पण काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसतीच वात सारखी करून आल्या. बाहेर येऊन त्यांनी भिंतीकडेची माती बोटानं उकरली. ह्या सुमारास कांद्याचं टोक लागायला हवं होतं, घट्ट, दाताएवढं. बोट आत गेलं आणि कांदा बोटाखाली मऊ लागला, नासका वास आला. त्यांनी माती परत लोटली आणि हात तिथेच धुतला नाही, आत येऊन साबणानं धुतला, दोनदा, आणि दोनदा धुतला हे लक्षात ठेवलं.

दुपारच्या आधी त्या शेषगिरीच्या दुकानाकडे निघाल्या, रेडिओतल्या खिडक्यांना पडदे हवे होते म्हणून, आणि खरं सांगायचं तर घरात बसवेना म्हणून. शेषगिरी टेलर कोपऱ्यावरचा, विठ्ठलाचा भक्त, मशीनवर डोकं खाली घालून तोंडानं अभंग पुटपुटणारा. घरात त्याचं मराठी सोयराबाईंसारखंच, निम्मं कन्नडात भिजलेलं. आजवर पलंगाची गादी, राणीची चोळी, सगळं त्याच्याच चिंध्यांतून झालेलं.

"या या अक्का. बसा." त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसत नाही रे. पडद्याला तुकडे दे काही. निळं साटिन होतं बघ तुझ्याकडे, कुणाच्या तरी परकराचं उरलेलं."

शेषगिरीचा पाय मशीनवर थांबला. त्यानं वर पाहिलं आणि हसला. "अय्यो अक्का, निळं साटिन कालच दिलं की तुमच्या घरी. सगळं दिलं. लाल हवं तर लाल हाय."

"काल?"

"हौदु अक्का, काल. ह्याच वेळेला. इथंच उभं राहून..."

तो पुढे काहीतरी सांगत होता. सोयराबाईंनी ऐकलं नाही. "लाल नको," असं काहीतरी त्या म्हणाल्या असतील, आणि छत्री उघडायचंही विसरून उन्हात उतरल्या. काल ह्या वेळी मी कुठे होते? काल ह्या वेळी मी शेवया वाळत घातल्या. घातल्या ना? की परवा? शेवया गच्चीत आहेत, म्हणजे घातल्या कधीतरी. रस्ता तापला होता, गुलमोहराच्या पाकळ्या डांबराला चिकटल्या होत्या, एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली आणि त्यांनी नकळत हात खाली नेला, लहान मुलाचा हात धरायला नेतात तसा. हातात काही नव्हतं. मग त्यांचं ठरलं. घरी जायचं, पाणी प्यायचं आणि अंबुजाला फोन करून सांगायचं: पोरीला आणू नकोस, तुझी आई तुझ्या आजीच्या वाटेनं निघाली. एवढंच वाक्य, एका दमात, येसाजीराव कावेरीच्या उपनद्या म्हणतात तसं. त्या ते वाक्य चालता चालता घोकत राहिल्या, विसरू नये म्हणून.

बागेकडच्या फाटकातून त्या आत शिरल्या आणि थांबल्या. भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, येसाजीराव मल्लिगेला पाणी घालत होते. रबरी नळी हातात, अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. वाफ्यात तळं साचलेलं, झिनिया आडव्या झालेल्या, आणि ते शांतपणे, फार प्रेमानं, एकेका वेलाच्या बुंध्याशी नळी धरून उभे राहत होते. मग त्यांनी नळी तशीच वाहती खाली सोडली, पायरी चढले आणि व्हरांड्यात रेडिओपुढे गुडघे टेकले. सदऱ्याच्या खिशातून निळ्या साटिनचं टोक बाहेर आलं होतं. सकाळी सोयराबाईंनी उभी केलेली जोडी त्यांनी एक एक करून उचलली, आडवी केली. मुकुट सरळ केला. फडकं गळ्यापर्यंत ओढलं. आणि हलक्या, सासऱ्यांच्याच लयीत म्हणाले, "मशाली विझल्या, घोडी बांधली. निजा आता, महाराज."

मी नव्हे. सोयराबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, आणि ते इतक्या जोरात आलं की त्यांनी फाटकाचा गज धरला. मी नव्हे, मी नव्हे. पाणी मी घातलं नव्हतं, साटिन मी आणलं नव्हतं, शेवया मी कालच घातल्या होत्या. पाय हलके झाले, आणि खरोखर हसू आलं, ओठांपर्यंत आलं, बन्नूरच्या पोरीला परीक्षेचा निकाल कळावा तसं. किती वेळ त्या तशा हसऱ्या उभ्या होत्या कोण जाणे. मग समोरची पाठ दिसली. वाकलेली, घामानं सदरा चिकटलेली, मानेवरचे पांढरे केस कापायला झालेले. त्या पाठीकडे पाहून आपण हसतो आहोत, हे त्यांना कळलं आणि जन्मात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज वाटली. एवढे दिवस आपण आपल्यालाच पारखत राहिलो. शेजारी पेपर उलटा-सुलटा करणाऱ्या ह्या माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नाही, कारण त्याला उपनद्या पाठ होत्या.

त्यांनी आधी नळ बंद केला. मग पायरी चढल्या.

"अगो, आलीस?" येसाजीरावांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच निजवली. उद्या पेटीत भरू. यंदा गर्दी काय होती बन्नीमंटपावर! अप्पा मागेच राहिलेत, येतील."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन किती वर्षं लोटली. सोयराबाई त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. येसाजीराव बाहेर पाहत होते. उन्हाकडे, चिखलाकडे, आडव्या झिनियांकडे. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग रेडिओकडे.

"सोयरा," ते म्हणाले, आणि हा आवाज आता नेहमीचा होता, फक्त तळाशी कापरा, "ही अशी का निजलीत? दसरा कुठाय आत्ता?" आणि थोडं थांबून, अगदी सहज वाटेल अशा बेतानं, "कुणी ग निजवली ही?"

सोयराबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. वाळूच्या उंचवट्यावरून उतरत आलेली आई त्यांना दिसली, चपला पुढे धरलेली. तोच प्रश्न, तोच सहजपणा, आणि त्याच्या मागे तीच भीती, की उत्तर आपल्याला आतून ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच निजवली. हल्ली मला भान राहत नाही हो."

येसाजीरावांच्या खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. "तू?"

"हो. सकाळी तुम्हांला विचारलं, तेव्हा बोलायला लाज वाटली. पाणीसुद्धा मीच घातलं सगळीकडे. बघा की, तळं करून ठेवलंय. तुमचे पाय भरले."

त्यांनी पुन्हा पायांकडे पाहिलं, चिखलाचा उलगडा झाल्यासारखं. आत फोन वाजायला लागला. सोयराबाई उठल्या. रस्त्यात घोकलेलं वाक्य अजून जिभेवर तसंच होतं. फक्त आता ते खोटं झालं होतं, आणि तरी तेच बोलायचं होतं.

"अम्मा, सगळं रेडी ना?" अंबुजाचा आवाज, मागे इंचराचं काहीतरी गाणं. "शनिवारी पोचतो आम्ही. इंचू झोपतपण नाही बघ, रेडिओ-मने, रेडिओतलं घर, एकच."

"अंबू, ऐक. पोरीला ठेवून जाऊ नकोस इथे."

"म्हंजे?"

"मला आठवत नाही हल्ली. गोष्टी होतात, मला कळत नाहीत. बन्नूरच्या आजीसारखं." पलीकडे इंचराचं गाणं चालू होतं. "तू ये. तिला घेऊन ये, दोन दिवस राहा, आम्हांला डॉक्टरकडे घेऊन चल. आणि जाताना तिला परत ने."

"अम्मा." आणि मग लहान मुलीसारखं, "पण अप्पा आहेत ना ग? अप्पा बघतील की तिला."

व्हरांड्याच्या दारात तिचे अप्पा, येसाजीराव, येऊन उभे राहिले होते. चिखलाचे पाय, हातात निळ्या साटिनचा तुकडा. तो आपल्याकडे कसा आला ते त्यातून शोधत असल्यासारखे.

"त्यांना माझं बघायचं आहे आता," सोयराबाई म्हणाल्या. "दोघींचं एकट्यानं कसं बघतील? ये तू, मग बोलू."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. इंचरा येईल आणि जाईल. मे फ्लावरचा गोळा तिला दिसणार नाही, कांदेच नासले. रेडिओतलं घर ती सोबत घेऊन जाईल तर जाईल. राजाराणी मात्र इथेच राहतील. सोयराबाईंना रडायला यायला हवं होतं, पण दारात ते उभे होते, आणि त्यांच्यापुढे रडायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

येसाजीराव जवळ आले. त्यांनी साटिनचा तुकडा सोयराबाईंच्या हातात दिला आणि त्यांचा तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, माया होती, आणि मघाची भीती पार पुसून गेली होती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "मी आहे ना. तू विसरशील ते सगळं मी लक्षात ठेवीन."

सोयराबाईंनी मान हलवली.

"ठेवा हं," त्या म्हणाल्या.